केळीचं टिश्यूकल्चर होतं, मग हरभऱ्याचं का नाही?

प्रश्न : आमची केळी सगळी टिश्यूकल्चरची. रोपं एकसारखी येतात, घडही एकाच सुमारास निसवतात. थोड्या जमिनीवर खरिपात तूर आणि रब्बीत हरभरा असतो. हरभऱ्यात मर लागते, तुरीत वांझ. केळीसारखीच रोगमुक्त रोपं प्रयोगशाळेत तयार करून हरभरा-तुरीची लागवड का करत नाहीत? कडधान्यांचं टिश्यूकल्चर होतच नाही का? यंदा जूनमध्ये एक जण 'टिश्यूकल्चर तूर' म्हणून पिशवीतली रोपं विकत होता. त्याचं म्हणणं खरं मानायचं का?
— एक शेतकरी वाचक, ता. रावेर, जि. जळगाव

उत्तर : कडधान्यांचं टिश्यूकल्चर होतं. हरभरा, तूर, भुईमूग, सोयाबीन, चवळी, मूग या सगळ्यांची रोपं बाटलीत वाढवून झालेली आहेत. हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ पासून आहे. हरभरा, तूर आणि भुईमूग ही तिच्या मुख्य पिकांपैकी, आणि तिथे या तिन्हींवर असं काम झालेलं आहे. पण ती रोपं शेतकऱ्याला विकण्यासाठी नसतात. केळीच्या बाबतीत प्रयोगशाळा म्हणजे रोपवाटिका. कडधान्यांच्या बाबतीत ती नवा वाण घडवण्याच्या लांबलचक वाटेवरचा एक टप्पा आहे, आणि त्या टप्प्यावरच गाडी वर्षानुवर्षं अडते. तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने हे नीट सांगायला हवं, कारण टिश्यूकल्चर म्हणजे रोगापासून सुटका असा समज केळीपट्ट्यात खोल रुजलेला आहे.

आधी केळीकडे पाहू. आपण खातो त्या केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून तिला बी धरत नाही. तिची लागवड कंदांनी, मुनव्यांनी करायची. मुनवा म्हणजे आईचाच तुकडा, त्यामुळे आईला हरण्या किंवा पर्णगुच्छ असेल तर तोही सोबत येतो. शिवाय एका झाडाचे मुनवे मोजकेच, आणि त्यांचं वय, वजन सारखं नसतं. टिश्यूकल्चरने या तिन्ही अडचणी सुटल्या. निरोगी झाडाचा शेंडा घ्यायचा, विषाणू नाही ना याची तपासणी करायची आणि त्यापासून एकसारखी हजारो रोपं करायची. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यूकल्चर रोपांसाठी प्रमाणीकरणाची व्यवस्था आणली ती याच विषाणूतपासणीसाठी आणि वाणाच्या खात्रीसाठी.

हरभऱ्याला यातली एकही अडचण नाही. त्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन होऊन जातं. त्यामुळे शुद्ध वाणाचं बी पेरलं की पुढची पिढी आईसारखीच निघते. बाटलीतून जो एकसारखेपणा तुम्ही केळीत विकत घेता, तो हरभऱ्याच्या दाण्यात फुकट मिळतो. तुरीचं थोडं वेगळं आहे. तिच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि काही प्रमाणात परपरागीभवन होतं. म्हणून तुरीचा बीजोत्पादनाचा प्लॉट दुसऱ्या तुरीपासून लांब ठेवतात. तेवढं पथ्य पाळलं की तिचंही बी भरवशाचं.

आता खर्चाचा हिशेब करून पाहा. केळी पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण १७४० रोपं बसतात. हरभरा ३० बाय १० सेंटिमीटरवर पेरला तर एकरी सुमारे १ लाख ३५ हजार झाडं होतात. टिश्यूकल्चरचं एक रोप पंधरा रुपयांना धरलं, तर केळीचा एकरी खर्च २६ हजारांच्या आसपास जातो आणि हरभऱ्याचा २० लाखांच्या वर. त्याच एकराला वाणाप्रमाणे २५ ते ४० किलो बियाणं पुरतं. कोणतीही सुधारणा, कोणतंही अनुदान हे अंतर भरून काढू शकणार नाही. आणि काढायचं तरी कशाला, जेव्हा दाणा तेच काम जास्त चांगलं करतो?

पण तुमचा खरा प्रश्न रोगाचा आहे, आणि इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. रोगमुक्त आणि रोगप्रतिकारक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाटलीतलं रोप रोगमुक्त असतं, म्हणजे शेतात येताना रोग बरोबर आणत नाही. शेतात आल्यावर रोग होणार नाही याची हमी त्यात नसते. तुमच्या टिश्यूकल्चर केळीवर मावा बसला आणि त्याने विषाणू आणला, तर तीही आजारी पडते.

हरभऱ्याची मर जमिनीतल्या फ्युजेरियम बुरशीमुळे होते. ही बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. मेलेलं झाड उपटून देठ उभा चिरला तर आत तपकिरी-काळसर रेघ दिसते. हरभरा नसतानाही ही बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षं टिकून राहते. ती बियाण्याबरोबरही येऊ शकते, पण त्यासाठी बीजप्रक्रिया आहे. जमिनीतल्या बुरशीपुढे मात्र बाटलीत वाढलेलं स्वच्छ रोप आणि साधं रोप सारखीच उघडी असतात.

तुरीच्या वांझेचं तर बियाण्याशी नातंच नाही. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक कोळी या रोगाच्या विषाणूला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो, तोही वाऱ्यावर स्वार होऊन. पानं लहान, फिकट, चट्ट्यापट्ट्यांची होतात, झाड झुडपासारखं वाढत राहतं आणि फुलोरा येत नाही. या रोगाची नोंद १९३१ साली बिहारमधल्या पुसा इथे झाली. मागे विषाणू आहे हे ठामपणे दाखवायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षं गेली. ज्या रोगाचा विषाणू बियाण्यातून येतच नाही, त्यासाठी विषाणूमुक्त रोप घेऊन काय साधणार?

तेव्हा या दोन्ही रोगांवर उत्तर एकच : रोगाला दाद न देणारा वाण. तो मिळवायचा कसा, इथे टिश्यूकल्चरचा कडधान्याशी खरा संबंध सुरू होतो.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. झाडाच्या एकट्या पेशीतही अख्खं झाड होण्याची ताकद असावी, असं १९०२ साली गॉटलिब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडलं. त्याने पानांच्या पेशी सुट्या करून पोषकद्रवात ठेवल्या. त्या जगल्या, फुगल्या, पण त्यांचं विभाजन झालं नाही. काय कमी पडत होतं ते कळायला अर्धशतक गेलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूवर काम करताना १९५७ साली दाखवलं की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन प्रकारच्या संप्रेरकांच्या प्रमाणावर सारं अवलंबून आहे. सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब फुटतात, ऑक्सिन जास्त असेल तर मुळं, आणि दोन्ही जुळवून दिली तर नुसता पेशींचा गोळा वाढतो. या गोळ्याला कॅलस म्हणतात. पुढच्याच वर्षी गाजराच्या पेशींपासून भ्रूण तयार झाले. १९६२ साली तोशिओ मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठी बांधलेली पोषकमाध्यमाची कृती प्रसिद्ध झाली. तुमच्या केळीच्या रोपांचं बालपण बहुधा याच कृतीच्या जेलीवर गेलेलं आहे. लिटरमागे ३० ग्रॅम साखर, अमोनियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मोजकी सूक्ष्मद्रव्यं, जीवनसत्त्वं आणि घट्टपणासाठी अगार, असा तिचा साधारण मसाला.

या कहाणीत कडधान्यं मागे नव्हती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. १९६८ साली कॅनडात गॅम्बोर्ग आणि सहकाऱ्यांनी दुसरं मोठं माध्यम तयार केलं. 'बी फाइव्ह' या नावाने ते आजही जगभर वापरात आहे, आणि ते सोयाबीनच्या मुळांच्या पेशींसाठी केलेलं होतं. सायटोकायनिन किती आहे हे मोजायला सोयाबीनचा कॅलस वापरत. म्हणजे डाळवर्गीय झाडांच्या पेशी बाटलीत वाढतात, भरभरून वाढतात. अडतं ते पुढे. गोळा वाढत जातो, पण त्याला कोंब फुटत नाही. तंबाखू, गाजर यांना जे सहज जमतं ते हरभऱ्याला आणि तुरीला जमत नाही.

नेमकं कुठे अडतं ते पाहायला घरचा भिजवलेला हरभरा पुरे. रात्रभर भिजलेल्या दाण्याचं साल काढा. दाण्याला जी चोच दिसते ती भावी मुळाचं टोक. दोन डाळी हलकेच अलग केल्या की त्या चोचीला लागून एक इवलासा पांढरा अक्ष दिसेल, एका टोकाला मूळ आणि दुसऱ्या टोकाला कोंब. या अक्षाला डाळी जिथे चिकटलेल्या असतात, त्या बगलेत पेशींचा एक छोटासा जिवंत डोळा असतो. कडधान्यांच्या टिश्यूकल्चरचं बहुतेक काम या नखाएवढ्या जागेभोवती फिरतं. प्रयोगशाळेत दाण्याचं बाहेरून निर्जंतुकीकरण करतात, तो निर्जंतुक पाण्यात भिजवतात किंवा चार-पाच दिवस उगवू देतात. मग कोंबाचा शेंडा आणि मुळाचं टोक ब्लेडने उडवून तो डोळ्याचा तुकडा सायटोकायनिन घातलेल्या माध्यमावर ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत बगलेतून बारीक बारीक कोंबांचा झुबका येतो. पुढे हे कोंब सुटे करून लांबवायचे आणि त्यांना मुळं आणायची.

या कामात शेतीतली दोन ओळखीची औषधं भेटतात. टू-फोर-डी तुम्ही तणनाशक म्हणून ओळखता. अगदी सूक्ष्म मात्रेत ते ऑक्सिनचं काम करतं, आणि सोयाबीनच्या कोवळ्या डाळींपासून भ्रूण तयार करायला तेच वापरतात. थायडायझुरॉन हे कापसाची पानं गळवण्यासाठी काढलेलं रसायन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घेवड्याच्या जातकुळीतल्या झाडांच्या कॅलसवर त्याची परीक्षा घेतली, तेव्हा ते जबरदस्त सायटोकायनिन असल्याचं आढळलं.

अडचणी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. कापलेल्या जागेतून फिनॉल पाझरतात, माध्यम तपकिरी पडतं आणि तुकडा मरतो. कोंब काचेसारखे पाणीदार होऊन बसतात. एका वाणाची कृती दुसऱ्याला लागू पडेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक वाणासाठी संप्रेरकांचं गणित नव्याने मांडावं लागतं. आणि सगळ्यांत चिवट अडचण मुळांची. हरभऱ्याचे बाटलीत वाढलेले कोंब दिसायला हिरवेगार असतात, पण त्यांना मुळं फुटता फुटत नाहीत, फुटलीच तर कुंडीत टिकत नाहीत. शेवटी संशोधकांनी बागायतदारांचा जुना मार्ग धरला. बी उगवून आलेल्या लहानग्या रोपाचा शेंडा कापायचा, देठात खाच पाडायची आणि बाटलीतला कोंब पाचरीसारखा कापून त्यात बसवायचा. आंब्यासारखं हरभऱ्याचं कलम! हरभऱ्याच्या जनुकबदलाच्या कामात हा मार्ग नेहमीचा झालेला आहे. इतक्या हातकामातून महिनोन्महिन्यांनी काही थोडी झाडं हाती लागतात. शेतात लावायला रोपं का मिळत नाहीत, याचं उत्तर त्या खाचेतही आहे.

अपवादही कडधान्यांच्याच घरातला आहे. तुमच्याकडे जनावरं असतील तर लसूणघास माहीत असेलच. तीही शेंगावर्गीय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्येच साँडर्स आणि बिंगहॅम यांनी लसूणघासाच्या कॅलसपासून अख्खी रोपं मिळवली, आणि त्यातही काही झाडं इतरांपेक्षा खूप सहज पुन्हा उभी राहतात हे दाखवून अशी झाडं निवडून वेगळी केली. म्हणजे ही क्षमता जनुकांत आहे, निवडीने ती वाढवता येते. हरभऱ्या-तुरीच्या बाबतीत या धाग्याचा पाठपुरावा आपण आणखी नेटाने करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

एवढी खटपट करायची कशासाठी, हे आता सांगतो.

पहिलं काम आहे रानटी भाऊबंदांकडून गुण आणण्याचं. शेतातली तूर हजारो वर्षं माणसाच्या निवडीतून गेलेली आहे, त्यात तिचे किती तरी रांगडे गुण गळून गेले. ते तिच्या रानटी नातलगांत शाबूत आहेत. त्यांतल्या 'कजानस प्लॅटिकार्पस' या जातीत करपा आणणाऱ्या फायटोफ्थोराला दाद न देण्याचा गुण आहे, शिवाय ती लवकर फुलते. पण तिचा तुरीशी संकर केला की शेंग धरते आणि आतला भ्रूण काही दिवसांतच मरतो, कारण दोघांच्या मेळातून त्याला पोसणारी ऊती नीट तयार होत नाही. अशा वेळी तो कोवळा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली सुईने सोडवून बाहेर काढतात आणि माध्यमावर वाढवतात. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं तसं. याला भ्रूणबचाव म्हणता येईल. फ्रिड्रिश लाइबाख याने १९२५ साली जवसाच्या संकरात हे पहिल्यांदा साधलं. घेवडा आणि त्याचा वाळवंटी भाऊ टेपारी यांचा संकर असाच भ्रूण वाढवून मिळवल्याचं अमेरिकेत १९५६ साली प्रसिद्ध झालं. इक्रिसॅटमध्ये नलिनी मल्लिकार्जुन आणि सहकाऱ्यांनी तूर आणि प्लॅटिकार्पसचा संकर याच वाटेने पार पाडला. मिळालेलं संकरित झाड वांझ निघालं. मग कोल्चिसिन या रसायनाने त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, पुन्हा तुरीशी संकर केला, पुन्हा भ्रूण वाचवले. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर रानटी जातीचे गुण तुरीसारख्या दिसणाऱ्या झाडांत उतरले. एका जुळवणीत इतकी वर्षं जातात, आणि तिची बातमी होत नाही.

दुसरं काम जनुकबदलाचं. यावर तुमचं-माझं मत काही असो, तांत्रिक गोष्ट अशी की पेशीत नवं जनुक घालणं हे काम आता तुलनेने सोपं आहे, त्या एका पेशीपासून पूर्ण झाड उभं करणं अवघड. सोयाबीनमध्ये अमेरिकेत ते १९८८ साली जमलं आणि १९९६ पासून तणनाशक सहन करणारं सोयाबीन तिथल्या शेतात आलं. ब्राझीलमध्ये एम्ब्रापा या सरकारी संस्थेने घेवड्याच्या भ्रूणाच्या अक्षावर काम करून सोनेरी मोझॅक विषाणूला दाद न देणारा घेवडा तयार केला, त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. नायजेरियात शेंग पोखरणाऱ्या मारुका अळीला तोंड देणारी चवळी २०१९ मध्ये शेतकऱ्यांसाठी मोकळी झाली. हीच मारुका आपल्या तुरीच्या फुला-शेंगांची जाळी करते. आसाम कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या साथीने हरभऱ्यात घेवड्याचं एक जनुक घातलं आणि साठवणीतल्या भुंगेऱ्याला तो हरभरा पचेनासा झाला. हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं. भारतात मात्र जनुकबदल केलेलं एकही कडधान्य शेतापर्यंत आलेलं नाही.

तिसरं काम नुकतंच सुरू झालेलं आहे, जनुकसंपादनाचं. बाहेरचं जनुक न घालता झाडाच्याच जनुकात छोटासा बदल करायचा. भारताने २०२२ साली अशा साध्या बदलांना जनुकबदलाच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. भातात हे आधी झालं, कारण भाताच्या कॅलसला कोंब फुटतात. तुरीत आणि हरभऱ्यात तोच जुना अडसर आहे. म्हणून मला वाटतं की कडधान्यांचं टिश्यूकल्चर हा आपल्या देशासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे. जगातला सर्वांत जास्त हरभरा आणि तूर आपण पिकवतो, आपणच खातो. सोयाबीनवर परदेशी कंपन्यांनी पैसा ओतला, कारण त्यांना तिथे बाजार दिसला. तुरीवर तो कुणी बाहेरचा ओतणार नाही. ते काम आपल्या विद्यापीठांना आणि सरकारलाच करायचं आहे.

बाटलीतल्या रोपाबद्दल एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला आवडेल. हरभऱ्याचं झाड उपटलं की मुळांवर गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र झाडाला देतात. बाटलीत सगळंच निर्जंतुक, त्यामुळे तिथल्या मुळांवर एकही गाठ नसते. लागेल ते नत्र माध्यमातल्या नायट्रेट-अमोनियममधून मिळतं. असं झाड कुंडीत नेताना त्याला रायझोबियम वरून द्यावं लागतं. प्रयोगशाळेतून आलेल्या हरभऱ्यालाही शेवटी आपल्या मातीतल्या जिवाणूंचीच गरज पडते, म्हणून पेरताना बियाण्याला रायझोबियमचं पाकीट चोळायला विसरू नका. स्वस्तात स्वस्त आणि हमखास उपयोगी, असं ते काम आहे.

आता तुमची मर आणि वांझ. या दोन्हींसाठी आजच हाताशी असलेलं उत्तर साध्या निवडीतून आलेलं आहे. जालन्याजवळच्या बदनापूर कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण दिले. नावातली 'एसएमआर' ही अक्षरंच वांझ रोगाला प्रतिकारक असल्याची आहेत. अशा वाणांची पारख करण्याची पद्धत फार साधी आणि फार हुशार आहे. वांझ झालेल्या तुरीचं पान घ्यायचं आणि ऑफिसातल्या स्टेपलरने ते निरोगी रोपाच्या पानाला टाचायचं. रोगट पान सुकायला लागलं की त्यावरचे कोळी नव्या पानावर उतरतात आणि विषाणू सोबत नेतात. इतकं करूनही जे झाड फुलतं ते निवडायचं. इक्रिसॅटमध्ये य. ल. नेने आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती बसवली. हरभऱ्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे वाण मरीला चांगले टिकतात. त्याला ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आणि पिकाची फेरपालट यांची जोड द्या. एकाच तुकड्यात दर रब्बीला हरभरा घेत असाल तर ते आधी थांबवा.

राहिला पिशवीतल्या तुरीचा विक्रेता. पिशवीत रोप करून तूर लावण्याची पद्धत चांगली आहे. उत्तर कर्नाटकात आणि मराठवाड्यात ती बरेच शेतकरी करतात. पाऊस लांबला तरी रोप महिनाभर आधीच वाढीला लागलेलं असतं, अंतर हवं तेवढं ठेवता येतं आणि फांद्या भरपूर येतात. पण ही रोपं बी टोकून केलेली असतात. खात्री करायची असेल तर एक पिशवी फाडून माती धुऊन पाहा. तूर उगवताना डाळी जमिनीतच ठेवते. रोप लहान असेल तर मातीखाली बुंध्याशी सुकलेल्या डाळींचे किंवा सालीचे अवशेष सापडतील, आणि त्याखाली एकच सरळ सोटमूळ दिसेल. बाटलीतल्या कोंबाला डाळी नसतात आणि सोटमूळही नसतं. त्याची मुळं देठाच्या कापल्या टोकातून झुबक्याने फुटलेली असतात. तुमच्या हातातल्या रोपाला सोटमूळ दिसलं तर ते बियाण्याचं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. विक्रेत्याला वाणाचं नाव विचारा, कोणत्या लॉटचं प्रमाणित बियाणं वापरलं त्याचं बिल मागा, वांझ आणि मर यांना तो वाण किती टिकतो ते कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. पिशवी, माती आणि मजुरी यांचे रास्त पैसे द्या. 'टिश्यूकल्चर' या नावासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.